चिंचोक्यांनी मोजलेली हरणं

बाळांनो, वसंताचं नैरोबीहून आलेलं पत्र मी तीनदा वाचलं, आणि मग चष्मा पुसून चौथ्यांदा वाचलं. सोबत फोटो आहे. वसंता गुडघा टेकून बसलाय, हातात नवी बंदूक, शेजारी लांब शिंगांचं हरीण पडलेलं, आणि मागे कुसुम उन्हानं डोळे बारीक करून उभी. पत्रात विचारलंय, ‘आजी, तुमच्या वऱ्हाडात हरणं होती का गं?’ आणि त्याच्याच खाली एक ओळ आहे: ‘इकडे नवी शेतं झाल्यापासून तर कळप पूर्वीपेक्षा मोठे दिसतात. सगळे म्हणतात, हरणं वाढलीत.’ पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात देता आलं असतं. पण त्या खालच्या ओळीनं मला स्वस्थ बसू दिलेलं नाही. अगदी हेच वाक्य, अगदी अशाच आनंदानं, मी अकरा-बारा वर्षांची असताना माझ्या वडिलांना सांगितलं होतं. त्याचं पुढे काय झालं ते तुमच्या आजोबांनासुद्धा मी अर्धंच सांगितलं. आता वय झालंय. अक्षर पार बिघडायच्या आत लिहून ठेवते. फोटो मी कपाटात, तुमच्या बाबांच्या पत्रांच्या गठ्ठ्यावर नीट ठेवलाय, म्हणजे मी रागावले आहे असं समजू नका.

आमचं गाव भातकुलीच्या पलीकडे, पेढी नदीच्या अंगाला. जमीन काळी, इतकी चिकट की पावसाळ्यात पाऊल रुतलं तर वहाण आत ठेवूनच पाय बाहेर यायचा. आणि त्या काळ्या मातीच्या पोटात खार. विहिरीचं पाणी ढोरंसुद्धा नाक मुरडून पीत. प्यायचं पाणी आम्ही नदीच्या वाळूत खड्डा करून, झिरपेल तसं वाटीवाटीनं भरून आणायचो. तुमच्या आजोबांच्या घरी अमरावतीला आल्यावर मला पहिले कित्येक दिवस पाणी अळणी लागत होतं. आमचं घर मातीचं, वर सपाट धाब्याचं छत, त्यावर उन्हाळ्यात मिरच्या आणि मुगवड्या वाळायच्या. घरात बाबा, माय, बाबांचे धाकटे भाऊ म्हणजे काका, काकू, मी, आणि ज्या वर्षाची ही गोष्ट आहे त्या वर्षी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली माझी थोरली बहीण चंद्रा. चंद्राला त्या दिवसांत फक्त अंबाडीची भाजी आणि कच्च्या कांद्याशी जवसाची चटणी हवी असायची. माय डिंकाचे लाडू करी, आणि ते लाडू मी खाई.

गावाच्या पश्चिमेला आमचं कुरण होतं. पावसाळा संपता संपता तिथलं गवत माझ्या डोक्याच्या वर जायचं. आत शिरलं की आभाळाची एक पट्टी तेवढी उरायची, आणि वारा आला की सगळं कुरण एका बाजूनं पांढरं, दुसऱ्या बाजूनं सोनेरी व्हायचं. दिवाळीनंतर त्यातलं बरंचसं कापून बैलांसाठी गंज्या लावत, काठाकाठानं थोडं उभं ठेवत. खालच्या टोकाला एक नाला होता. त्याच्या काठी थंडी सरली की पांढरी खार फुटायची, जसं कुणी मीठ सांडून गेलंय. हरणं ती चाटायला येत, आणि उभ्या ठेवलेल्या गवतात हरणी आपली पिलं लपवून ठेवत. हे सगळं इतकं रोजचं होतं की कुरण म्हटलं की हरणं, असंच मला वाटे. नदी म्हटलं की मासे वाटतात तसं.

त्या दिवसांत घरात सगळ्यांत मोठा आवाज रेच्याचा. रेचा म्हणजे दोन लाकडी लाटा. एक बाई फिरवणार, दुसरी त्यात कापूस धरणार, रुई पलीकडे पडणार आणि सरकी अलीकडे. पहाटेपासून त्याची कुरकूर सुरू व्हायची ती दिवेलागणीपर्यंत. आमच्याच घरात नव्हे, दर घरात. गावात शिरणाऱ्या माणसाला आधी हा आवाज यायचा, मग कुत्री. अमेरिकेत कुठेतरी लढाई जुंपली आहे, तिकडचा कापूस येईनासा झालाय आणि म्हणून विलायतेच्या गिरण्यांना आमचा कापूस हवाय, हे मला पुष्कळ वर्षांनी, तुमच्या आजोबांनी इंग्रजी शिकवल्यावर कळलं. तेव्हा एवढंच दिसे की अमरावतीच्या वाटेवर बंड्यांमागे बंड्या, म्हणजे बैलगाड्या, चालल्यात आणि दोन्ही बाजूंच्या बाभळींच्या काट्यांना कापूस अडकून त्या फुलल्यासारख्या दिसतायत. अनोळखी व्यापारी ओट्यावर बसून बाबांना आर्जव करतायत. ज्या शेतात ज्वारी डोलायची तिथे पऱ्हाटी, म्हणजे कापूस, उभी आहे, आणि आम्ही, ज्वारीच्या मुलखातली माणसं, ज्वारी बाहेरून आणतो आहोत. शेजारच्या गावांतली कुरणं एकेक करून नांगराखाली जात होती. तिकडे बडनेऱ्याकडे रेल्वेचे रुळ टाकायचं काम चाललं होतं. तिथल्या शेकडो बैलांसाठी उरलंसुरलं गवत लोक कापून नेत.

काकांना हे सारं फार आवडे. उमदा, हसरा माणूस. मला चिंचोक्यांनी मोजायला त्यांनीच शिकवलं. वीस झाले की एक खडा बाजूला. त्यांनी अमरावतीहून ठासणीची बंदूक आणली तेव्हा गाव पाहायला लोटलं. हरणाचं मटण शिजवावं ते काकांनीच. माय ते चुलीवर चढू देत नसे, म्हणून ते अंगणात तीन दगड मांडत, धने-खोबरं-कांदा भाजून पाट्यावर स्वतः वाटत, आणि वास दरवळला की ओरडत, ‘वैनी, तुमी नाका-तोंडाले पदर लावा, नाहीतं वासानंच पोट भरन!’ माय आतून म्हणे, ‘तुमचं तोंड भरा आधी.’

आता हिरामणबद्दल सांगते, कारण खरी गोष्ट त्याची आहे. हिरामण फासेपारधी होता. ज्वारी निसवली की तो, त्याची बायको चांदी आणि त्यांचा गुणी नावाचा बैल आमच्या कुरणाच्या कडेला येऊन उतरत. पिकात घुसणारी हरणं धरायची, मटणाचा वाटा गावाला द्यायचा आणि गावानं त्याला धान्य द्यायचं, अशी जुनी चाल होती. त्याच्याकडे बंदूक नव्हती. आतड्याच्या तातीचे फासे एका लांब दोरीला बांधलेले, ते हरणांच्या वाटेवर खुंट्यांनी ठोकायचे. मग गुणीच्या आडोशानं, त्याच्या पोटाशी वाकून, तिरपं तिरपं चालत कळपाकडे जायचं. बैल चरतोय असं समजून हरणं घाबरत नसत. फक्त थोडी सरकत. पुन्हा थोडी. कधी हिरामण जिभेनं एक बारीक आवाज काढी आणि कळप थांबून कान टवकारी. अख्खा कळप तो असा नुसत्या सावलीनं ढकलत फाशांपर्यंत नेई. मी माळ्यावरून, म्हणजे राखणीच्या मचाणावरून, हे पाहत असे आणि हातातली गोफण विसरून जाई.

पण सगळ्यांत नवल वाटे ते पुढचं. फाशात काळवीट सापडला तर तो त्याचा. हरणी सापडली तर तो आधी तिच्या पोटावर हात ठेवी, मग आचळ पाही. गाभण असली किंवा दूध असलं की म्हणे, ‘माहेरवाशीन हाय.’ आणि फासा सोडी. चांदी मूठभर ज्वारी तिच्या पुढ्यात टाकी, ओटी म्हणून. हरणी काय थांबते ओटी घ्यायला! ती एका झेपेत दिसेनाशी होई. गावातले लोक हसत. काका म्हणत, ‘हिरामन, तुह्या घरी आज बी चटनीच का बे?’ तो म्हणे, ‘हाव जी, पर पुढल्या साली दोन येतीन.’ पुढे एका साहेबाच्या शिकारीच्या पुस्तकात मी वाचलं की या मुलखातली हरणं पारध्यांनी संपवली. मी ते पुस्तक मिटलं आणि तुमच्या आजोबांना परत देऊन टाकलं.

हरणं मोजायचा छंद माझा. माघात ज्वारी उभी असताना सकाळी माळ्यावर बसायचं, धुकं विरलं की कुरणात एकेक हरीण वेचायचं आणि प्रत्येकामागे एक चिंचोका गाडग्यात टाकायचा. आधीच्या वर्षी गाडगं गळ्यापर्यंत भरलं होतं. त्या वर्षी, म्हणजे चंद्रा घरी होती त्या वर्षी, मी गाडगं घेऊन बसले आणि धुकं उठलं. आधी मला वाटलं कुरणच हललं. मग ते तुकड्या-तुकड्यांनी हरणं झालं. कापलेल्या गवतात, काठाच्या गवतात, नाल्याच्या उतारावर, जिथे पाहावं तिथे बदामी पाठी, आणि त्यांत मधे मधे काळे काळवीट, पिळाच्या शिंगांचे, जणू कुणी शाईनं काढलेले. एक हरणी उगीचच उडाली, आणि तिच्यामागे दुसरी, दहावी, मग सगळी. शेकडो अंगं हवेत, आणि क्षणभर एकही पाय जमिनीला नाही. आवाज नाही. आज सत्तरी उलटली, काशी पाहिली, समुद्र पाहिला, पण तसं काही पुन्हा पाहिलं नाही. गाडगं भरून सांडलं. मी डोक्यावरचा रुमाल पसरून उरलेले चिंचोके त्यात मोजले, दोनदा मोजले, आणि गाठोडं बांधून घराकडे पळत सुटले.

घरात त्याच गोष्टीवरून वाद चालला होता. काका म्हणत होते, ‘दादा, लोकं कुरनं मोडून राहिले, अन् आपुन हरनं पोसून राहिलो. यंदा नांगर घालू.’ बाबा म्हणाले, ‘बैलाइले काय चारशीन मंग? रुई?’ ‘सरकी चारू! सरकी कमी हाय का घरात?’ सगळे हसले. नांगर घालण्याआधी हाका करायचा, चार गावच्या लोकांनी डफडी वाजवत हरणं उठवायची आणि बंदुकांपुढे आणायची, असं पाटलाच्या ओट्यावर बोलणं चाललं होतं. बाबा तेवढ्याला अडले होते. ‘हाक्यात नर-मादी कोन पाहते? बिजवाई संपली म्हंजे?’ बियाण्यासाठी राखलेल्या दाण्याला आम्ही बिजवाई म्हणतो. नेमकी त्याच वेळी मी दारातून ओरडले, ‘बाबा, हरनं वाढली! गाडगं नाही पुरलं!’

काकांनी मला उचलून गरकन फिरवलं. ‘पाहा दादा! आता बोला!’ बाबांनी गाडगं पाहिलं, रुमाल पाहिला. मला विचारलं, ‘बराबर मोजलं ना, मैने?’ मी म्हणाले, ‘दोनदा मोजलं, बाबा.’ मी कधी चुकत नाही हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. बाबांनी थोडा वेळ मिशीला हात लावला आणि मग म्हणाले, ‘मंग होऊ दे.’ त्याच संध्याकाळी त्यांनी पाटलाला शब्द दिला. मला काकूनं गुळाचा खडा दिला. तो मी मिटक्या मारत खाल्ला.

हिरामण त्या वर्षी उशिरा आला. उतरायला वाटेत कुठे गवतच उरलं नव्हतं, म्हणाला. मी माझं गाडगं आणि रुमाल मिरवत त्याच्यापुढे नेले. तो हसला नाही. मला तो मायच म्हणे. म्हणाला, ‘चाल माय, दाखोतो.’ दिवस कलताना आम्ही गुणीच्या आडोशानं निघालो, बैलाच्या पोटाखालून पाहत. कळप इतका जवळ आला की मला त्यांचं गवत तोडणं ऐकू येत होतं. हिरामण बोलला तो जवळजवळ ओठांनीच.

‘ते पुढं चालते ना कानफाटी, ते या कुरनाची पाटलीन. तिच्या मांगं तिचं घर चालते. आता तिकडे पाह्य, थे म्हातारी. थे नदीपल्याडची पाटलीन. तिचं कुरन मोडलं. अन् थे नाल्यापाशी उभी हाय ना, थे आंबराईकडची. चौथी मले बी ठाव नाही कुठची. चार पाटलिनी एका कुरनात, माय. हे घर नाही, धरमशाळा हाय.’

‘मंग वाढली नाही?’ मी विचारलं.

‘गोळा झाली. वाढली अन् गोळा झाली याच्यात फरक हाय. कळप मोजू नको. पिलं मोज.’

मी मोजली. अंधार पडेपर्यंत त्या एवढ्या थोरल्या कळपात मी पिलं शोधत राहिले, आणि एका हाताची बोटं पुरली. गेल्या वर्षीची, आता अर्धी वाढलेली असायला हवीत ती, त्याहूनही थोडी. ‘कुठी गेली?’ तो म्हणाला, चार घरांचं पोट एका कुरणात भरत नाही, हरणींना दूध येत नाही. पिलू लपवायला गवत नाही. रुळांच्या कामावरची कुत्री मोकळी फिरतात, ती पिलं उचलतात. ‘अन् बंदूक. फाशात एक धरलं तं बाकीचे घडीभरानं चरतात. बंदूक एक मारते अन् दहा पळवते. पोटुशी हरनी तशी पळाली का गाभ टाकते. कोनाले दिसत नाही ते, गवतात पडते.’ मग म्हणाला, ‘मी बी मारतोच, माय. पर मले पुढल्या साली बी जेवाचं हाय.’

त्यानं मला काही कर असं सांगितलं नाही. हाका ठरलाय हेही त्याला ठाऊक नव्हतं. ते मी सांगितलं, आणि कशामुळे ठरलाय तेही. तो नुसता गुणीच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. घरी येईपर्यंत मला रडू कोसळलं होतं. माझं मोजणं चुकलं असतं तर बरं होतं. चूक कबूल करून दोन धपाटे खाल्ले असते. पण मोजणं बरोबर होतं.

बाबा आणि काका जेवायला बसले होते. माय भाकरी थापत होती. मी दारातच उभी राहून सांगितलं, ‘बाबा, म्या मोजलं ते खरं हाय, पन समजलं उलटं.’ आणि चार पाटलिणी, पिलं, कुत्री, सगळं एका दमात. काका मोठ्यानं हसले. ‘पारध्याचं पोट हाय ते, दादा, बोलते. हाका झाला तं त्याचा धंदा बसते, म्हनून पोरीचे कान भरले.’ बाबा हसले नाहीत. घास हातात तसाच ठेवून म्हणाले, ‘शब्द देल्ला हाय, मैने. चार गावाइले देल्ला हाय.’ मला कळलं की ते माझं खरं मानतायत, आणि तरी काही होणार नाही. त्या वयात यासारखं दुसरं दुःख नाही.

तेव्हा मायनं तव्यावरची भाकर उतरवली आणि दुसरी टाकलीच नाही. पुरुषांच्या बोलण्यात ती सहसा पडत नसे. पदर सारखा करून म्हणाली, ‘घरात पोटुशी लेक हाय. तिचं माहेर हे. त्या कुरनात बी पोटुश्याच आल्या हायेत माहेराले. आपल्या घरच्या बंदुकीनं गाभनीच्या अंगाले धक्का लागला, तं मी या चुलीत लाकूड घालत नाही. सांगून ठेवतो.’ काकांची भाकर संपली होती. ते ताटाकडे पाहत राहिले. चंद्रा आतल्या खोलीत ऐकत होती.

बाबांनी शब्द मोडला नाही. तो त्यांचा स्वभाव नव्हता. पण म्हणाले, ‘नाल्याकाठचा पट्टा नांगराचा नाही. अन् हाक्यात त्या अंगाले एक बी मानूस उभा राहनार नाही.’ काका म्हणाले, ‘राहू द्या. खारीत कुठी पऱ्हाटी येते?’ आणि तव्याकडे पाहत म्हणाले, ‘वैनी, आता तं टाका.’ मायनं भाकर टाकली.

दुसऱ्या दिवशी मायनं मला भाकरी आणि ठेचा फडक्यात बांधून हिरामणकडे धाडलं. ‘त्याले म्हन, माह्या लेकीच्या नावानं नाल्याची वाट मोकळी ठेवली हाय. पुढचं त्याले समजते.’ हिरामणनं फडकं कपाळाला लावलं.

हाका होळीच्या दोन दिवस आधी झाला, सकाळीच. मी माळ्यावर होते. तिकडे जायला मला कुणी सांगितलं नव्हतं आणि कुणी अडवलंही नाही. पूर्वेकडून डफडी, थाळ्या, आरोळ्या. पश्चिमेला बंदुका, काकांची, पाटलाची, आणि रुळांच्या कामावरच्या मुकादमानं आणलेली माणसं. कळप उठला. त्या दिवशीचं धुकं नव्हतं, ऊन स्वच्छ होतं, आणि मला सगळं दिसत होतं. आधी सगळी हरणं एका जागी गोल फिरली, नदीतल्या भोवऱ्यासारखी. मग बंदुकांच्या दिशेनं ताणली जाऊ लागली. तेवढ्यात त्यांच्या बाजूला, उघड्या कुरणात, एक बैल चरताना दिसला. एवढ्या गोंगाटात, मान खाली घालून, एकेक पाऊल टाकत.

गुणीच्या पोटामागे दोन माणसांचे पाय होते, हिरामणचे आणि चांदीचे. बैल बंदुकांच्या आणि कळपाच्या मधे चालला होता. हिरामणचा तो जिभेचा आवाज मला इतक्या लांबून येणं शक्य नाही, पण कानफाटी थांबली हे मी पाहिलं. तिनं बैलाकडे पाहिलं. ती वळली. तिच्यामागे तिचं घर वळलं, मग नदीपल्याडची म्हातारी, मग बाकीच्या दोघी, आणि त्यांच्यामागे हरणींची एक धार नाल्याकडे वाहायला लागली. ज्या विद्येनं तो त्यांना फाशात नेत असे, त्याच विद्येनं. नाल्याच्या काठावरून एकेक हरणी उडत होती, पोटानं जड असूनही, आणि उडताना प्रत्येकीच्या खुरांनी पांढरी खार उधळत होती. काळवीट मात्र सरळ गेले. बंदुका वाजल्या. त्यांतले बरेच पडले, काही हरणीही पडल्या, हे लपवत नाही. पण पाटलिणी चारही पार झाल्या. मी गाडगं आणलं नव्हतं, तरी मोजल्या.

लोक भडकले. ‘पारध्यानं हरनं पळोली!’ आमच्या काकांच्या अंगावर तर मुकादम धावूनच गेला, तुमचाच माणूस म्हणून. त्या वर्षी गावानं हिरामणला धान्य दिलं नाही, आणि बाबांनी आमच्या वाट्याचं दिलं तेही चांदीनं अर्धंच घेतलं. त्यांनी पाल उचललं ते कायमचं. पुढे सरकारनं त्यांच्या जातीलाच गुन्हेगार ठरवलं. ते दोघं कुठे गेले ते मला कधी कळलं नाही. गुणीच्या गळ्यातल्या घंटेचा आवाज मात्र मला अजून ओळखता येईल.

आठवड्याच्या आत चंद्राला मुलगी झाली, आणि वैशाखात कुरण नांगरलं. दोन वर्षं तिथे उत्तम कापूस आला. मग तिकडची लढाई संपली, व्यापारी ओट्यावर यायचे थांबले, पण मोडलेलं गवत काही परत आलं नाही. नाल्याकाठी हरणं दिसत राहिली, दरवर्षी थोडी कमी. काका पुष्कळ म्हातारे झाल्यावर मी एकदा माहेरी गेले होते. ते बांधावर बसले होते. म्हणाले, ‘मैने, तुहं गाडगं हाय का व?’ मी म्हटलं, फुटलं केव्हाच. ते म्हणाले, ‘मले खरंच वाटलं होतं, वाढली म्हनून.’ मी त्यांच्याजवळ बसले. मलाही तसंच वाटलं होतं, त्यांच्या आधी.

वसंता, शिकार सोड असं मी सांगणार नाही. ज्या घरात अंगणात मटण शिजायचं त्या घरातली मी मुलगी. पण तुझ्या मुलखात नवी शेतं झाल्यापासून कळप मोठे दिसतायत, तर आधी हे विचार की ते आले कुठून. तिथे जुने, फासे-भाल्यांनी शिकार करणारे लोक असतील. बंदूक खाली ठेवून त्यांच्याबरोबर एक दिवस नुसता चाल. कळप कोण चालवते ते ओळख, आणि तिच्यावर कधी नेम धरू नकोस. विण्याच्या महिन्यात बंदूक भिंतीला टांगून ठेव. तुझ्या मित्रांची जमीन असेल तर गवताचा एक पट्टा राखायला सांग, आणि ते ऐकत नसतील तर त्यांच्या बायकांना सांग. कुसुम, हे तुझ्यासाठी. आणि पुढच्या पत्रात किती हरणं पाहिलीत ते लिहू नका. पिलं किती दिसली ते लिहा.

काकांचा नातू भाऊराव आमची शेती करतो. खार आहे म्हणून की मायचा शब्द म्हणून, ते त्यालाही नक्की सांगता येत नाही, पण त्या पट्ट्यात त्यानं नांगर घातलेला नाही. गेल्या फाल्गुनात त्यानं मला बंडीत गादी घालून तिथे नेलं. बैल लांब सोडले आणि आम्ही बांधाआड बसून राहिलो. नाल्याकाठचा तो पट्टा अजून आहे, त्यात गवत आहे, आणि त्या दिवशी त्यात चार पिलं होती.